वाकडा रिव्हेट

कराड

लोक निवृत्त झाले की काशीला जातात. मी लष्कराची शंटिंग इंजिनं बघत फिरतो. तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग घेतला, त्यामुळे लोखंड दिसलं की हात शिवशिवतो. आमच्या सौ. या छंदाला "ते खूळ" म्हणतात. "पाहुण्यांना सांगायचीही सोय नाही. देवधर्म म्हणावा तर नाही, पर्यटन म्हणावं तर नाही," असं त्यांचं म्हणणं. चूक आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांबची गाडी न ओढता यार्डातल्या यार्डात डबे इकडून तिकडं ढकलतं ते शंटिंग इंजिन. मेल ओढणाऱ्या इंजिनाचे फोटो निघतात, याच्याकडं कुत्रं बघत नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र अशा वाफेच्या इंजिनांवाचून लष्कराचं अडलं. जहाजातून उतरलेले रणगाडे, तोफगोळे, पिठाची पोती बंदरातून हलवायची कुणी? मग शेकड्यांनी इंजिनं बांधली गेली. सहा चाकांची, आखूड, कसल्याही वळणावर वळतील अशी. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना आणि कोळशाची पेटी ड्रायव्हरच्या पाठीशी. मोडलं तर एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे, ही मुख्य अट. युद्ध संपलं आणि ती जगभर विकली गेली. कुणी गोदीत, कुणी गिरणीत, कुणी कारखान्यात जन्म काढला. काही लष्कराच्याच डेपोंत राहिली. एकाचा भाग दुसऱ्याला बसतो, एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

असंच एक इंजिन लातूर जिल्ह्यात जळकोटच्या अलीकडं एका कॉलेजच्या आवारात उभं आहे. विदर्भातल्या एका डेपोतून ते साखर कारखान्यात गेलं आणि कारखान्यातून शोभेसाठी इथं आलं. दोन वर्षांपूर्वी मी ते धावतपळत बघितलं होतं. केबिनला जाळीचं दार आणि कुलूप, म्हणून आत जाता आलं नाही. पण चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर ठोकलेला आकडा स्पष्ट होता. रेल्वेवेड्यांच्या एका छोट्या मासिकात मी ठासून लिहिलं की हे त्या डेपोचं चार नंबर.

मग नांदेडहून एका म्हाताऱ्याचा फोन आला. "साहेब, नातीनं तुमचं वाचून दावलं. चार नंबर हाय हे कशावरून म्हणता?"

मला राग पटकन येतो. म्हटलं, "दांड्यावर आकडा आहे. मी स्वतः बघितलाय."

"हौ. तो दांडा मीच बदलला हुता," म्हातारा म्हणाला. "या एकदा घरी. फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ती."

नांदेड

गौसचाचा जुन्या नांदेडात राहतात. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. पण कपाला हात लावून "चहा निवला" हे बरोबर सांगतात. डेपोच्या इंजिन शेडमध्ये ते खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचे हरकाम्या, म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले.

सकाळी सात वाजता सूनबाईंनी खिचडी, खट्टा आणि पापड पुढं ठेवला. आमच्याकडं न्याहारीला पोहे नाहीतर मिसळ; भल्या सकाळी मसुरीची खिचडी हे मला नवीन. खट्टा म्हणजे चिंच आणि तिळाचं पातळ, आंबट कालवण, खिचडीवर घ्यायचं. मी ते मठ्ठा समजून पेल्यात ओतलं आणि एका दमात प्यायलो. डोळ्यांतून पाणी आलं. सूनबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. चाचा गंभीरपणे म्हणाले, "चांगलं असतंय पोटाला. आणखी देऊ का?"

मग त्यांनी गोष्ट सांगितली.

डेपोत दारूगोळ्याची कोठारं. त्यांच्या तारेच्या आत इंजिन न्यायचं तर कायदे कडक. काडीपेटी, विडी गेटवर जमा. आत कोळसा टाकायचा नाही, राख पाडायची नाही, शिट्टी वाजवायची नाही. बाहेरच पोटभर वाफ करून घ्यायची आणि तेवढ्या वाफेवर डबे ढकलून परत यायचं. शिट्टी नाही म्हणून ड्रायव्हर पान्यानं केबिनच्या पत्र्यावर दोनदा ठोकायचा. दोन ठोके म्हणजे समजलं, निघालो. सात नंबरचा ड्रायव्हर हदगावचा किसनराव. त्याच्यासारखा वाफेचा अंदाज कुणालाच नव्हता, असं चाचा म्हणतात. इंजिनाला दोघंही 'ती' म्हणायचे.

"मी नवा खलाशी होतो तवा तिच्या कोळशाच्या पेटीला आतून भोक पडलं. उस्तादानं ठिगळ मारायला मला बसवलं. पहिलंच काम. अकरा रिव्हेट मारले, त्यातला एक रेघ सोडून खाली गेला. उस्तादानं कानाखाली वाजवली. काढून पुन्हा मारायला येळ नव्हता, तसाच ऱ्हायला. किसनरावनं जल्मभर पिच्छा पुरवला. कोणी पावना आला की त्याला आधी पेटीत वाकवून दावायचा, बघा आमच्या गौसचा वाकडा रिव्हेट."

पुढं डिझेल आलं. हुकूम निघाला की चार नंबर कारखान्याला विकायचं आणि सात नंबर कापायचं. खरं तर सातचा बॉयलर चारपेक्षा उत्तम, पण कागद झाला होता. किसनराव दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी भर दुपारी, दुरुस्तीच्या नावाखाली दोघांनी दोन्ही इंजिनांचे दांडे आणि नंबरपट्ट्या बदलल्या. सात झालं चार, चार झालं सात. आठवड्यानं दोघांनाही महिनाभर दुसऱ्या डेपोत धाडलं. परत येऊन बघतात तर एक इंजिन कापलेलं, दुसरं गेलेलं. आणि शेडमध्ये कुजबुज की पट्टीचे नवे स्क्रू बघून नव्या साहेबाला संशय आला, त्यानं सगळं पुन्हा पहिल्यासारखं करायला लावलं.

"खरं की खोटं?" मी विचारलं.

"इचारायचं कुणाला? इचारलं की आपणच सापडलो. मग म्हणजे काय झालं, दांड्यावर चार दिसतंय त्याचा काहीच उपेग न्हाई. आमची अदलाबदल टिकली असंल तर ती सात हाय. साहेबानं उलटवली असंल तर खरीच चार."

त्यांनी निवलेल्या चहाचा कप बाजूला सारला.

"किसनराव जायच्या आधी मी हदगावला गेलो हुतो. बोलणं बंद पडत आलं हुतं त्याचं. हात धरला अन् इचारलं, गौस, वाचली ना ती? मी म्हणलं, हौ, वाचली. मी सोता बघितलीया." चाचांनी डोळ्यांवरून पंचा फिरवला. "काय बघितली? ती कुठं हाय ते बी ठावं नव्हतं. मरणाऱ्या माणसाला खोटं बोललो, साहेब. तेवढंच काढून घ्यायचंय मला. पेटीत हात घालू द्या एकदा."

माझा ठासून लिहिलेला लेख पिशवीत होता. दाखवून प्रौढी मिरवावी म्हणून आणला होता. तो मी पिशवीतच राहू दिला.

नांदेड ते जळकोट

दुसऱ्या दिवशी निघालो. चाचा एसटीनंच म्हणाले. "मला तिकीट न्हाई लागत, सरकारचा जावई हाय मी." कंडक्टरनं आधार कार्डावरचं वय बघितलं आणि त्यांना खिडकीची जागा रिकामी करून दिली. बस जवळजवळ रिकामीच होती. मला वाटलं, सकाळची वेळ आहे म्हणून असेल.

कंधार मागं पडलं. दोन्ही बाजूंना काळं रान, उभी तूर, पोटरीत आलेली ज्वारी, पायाखाली हिरवागार हरभरा. आमच्या कृष्णाकाठी उसाशिवाय नजरेला काही पडत नाही. इथं एकेका रानात पाच-पाच पिकं दिसत होती. चाचांना दिसत नव्हतं, पण खिडकीतून वास घेऊन ते सांगायचे, "हे हरभऱ्याचं आलं." बरोबर निघायचं.

कॉलेजच्या फाट्यावर उतरलो आणि मी चाटच पडलो. पानटपरी बंद, चहाचं हॉटेल बंद, गेटला हे एवढं कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही. रखवालदार बालाजीचा नंबर माझ्याकडं होता, तो फोन उचलेना. चाचांच्या फोननंतर इंजिन पुन्हा बघायचं ठरवलं होतं, म्हणून आदल्या आठवड्यातच त्याला कळवून ठेवलेलं, तो "या की" म्हणाला होता. माझं डोकं फिरलं. या लोकांना शब्दाची किंमत नाही वगैरे मी बरंच बोललो. चाचा दगडावर बसून ऐकत होते.

"आज तारीख काय म्हणला?" त्यांनी विचारलं. मी सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला. "अल्ला. आज येळवस हाय. अन् मी म्हातारा, माझ्या बी ध्यानात आलं न्हाई."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूर भागात या दिवशी गावंच्या गावं उठून रानात जेवायला जातात, बाजारपेठेला टाळं लागतं. कराडला बसून रिझर्वेशन मिळतंय एवढंच बघून दिवस ठरवणारा शहाणा मी. शिव्या मात्र बालाजीला घातल्या.

तेवढ्यात बायकापोरांनी भरलेला एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्यानं विचारलं, "कुठले पावणं? असे उन्हात का बसून राह्यले?" बालाजीचं नाव काढताच दोन माणसांनी चाचांना अलगद उचलून ट्रॉलीत बसवलं. त्यांच्याखाली घोंगडी सरकवली गेली. मला कुणी काही विचारलं नाही, मी आपला मागून चढलो.

बालाजीचं रान

बालाजीच्या तुरीच्या कडेला कडब्याची कोप उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव, आणि समोर नैवेद्य. बालाजी रानात फिरून तांब्यातलं पाणी शिंपडत होता, "ओलगे ओलगे सालम पोलगे." याचा अर्थ मी नंतर पाच जणांना विचारला. सगळे म्हणाले, "तसंच म्हणत्यात." कानडी असावं, सीमा जवळ आहे.

बालाजी पस्तिशीचा, हसरा. मला बघून जीभ चावली. "सर, तुमी आज येताल वाटलंच न्हाई. येळवशीला कोण कामाला येतंय?" फोन घरी चार्जिंगला लावून आला होता.

"किल्ली दे, आम्ही बघून येतो," मी म्हणालो.

त्याची आई चुलीपाशी बसली होती. तिनं वरही बघितलं नाही. "आधी जेवा. येळवशीला रानातून उपाशी माणूस जाऊ देत न्हाईत. किल्ली कुठं पळून जाती का?"

मला एकदम चाचांची काळजी वाटली, त्यांना तरी धीर कुठला. पण ते केव्हाच मांडी घालून बसले होते. पानावर भज्जी आली. भज्जी हे तळणाचं नाव नव्हे. ओला हरभरा, तुरीचे दाणे, शेंगदाणे, पालेभाज्या असं रानात असेल ते सगळं चुका आणि बेसन घालून रटरट शिजवतात. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदग्यातली गार आंबील. आंबील मी आधी विचारून मग प्यायलो, शहाणपण आलं होतं. तिसऱ्यांदा वाढताना म्हातारी माझ्या पानाकडं बघून म्हणाली, "घाटावरची माणसं चिमण्यावाणी खात्यात." मी, जो आमच्या घरी खादाड म्हणून प्रसिद्ध आहे, तो मान खाली घालून खात राहिलो. ओळख ना पाळख, असं आग्रहानं मला शेवटचं कुणी वाढलं होतं ते आठवेना. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

चाचांनी आपली गोष्ट तिथंच बालाजीला सांगितली. ऐकता ऐकता बालाजीचा घास थांबला.

"कोळशाची पेटी म्हणजे ते पाठीमागचं खोकं?"

"हौ."

"चाचा, त्यात माती हाय. सुशोभीकरण करा म्हणले, म्हणून मी सहा घमेली खत अन् काठोकाठ माती भरून बोगनवेल लावलीया. दोन वरसं झाली."

एका लष्करी इंजिनाची कुंडी केली, यावर माझ्याकडं बोलण्यासारखं खूप होतं. मी तोंड उघडणार तोच चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"फुलं येत्यात का तिला?" त्यांनी विचारलं.

"लई," बालाजी म्हणाला, आणि हात धुऊन उठला. कोपीमागून त्यानं टिकाव आणि फावडं घेतलं. आई म्हणाली, "आरं, सणाचं मातीत हात घालतो का?" तर म्हणाला, "आई, म्हाताऱ्या माणसाचं काम हाय. येळवस पुढल्या वरसी बी येती." जाताना तिनं आंबिलीचा तांब्या आमच्यासोबत दिला.

कॉलेजचं आवार

इंजिन लिंबाखाली उभं होतं. कुणीतरी ते निळं-पिवळं रंगवलेलं. शेजारी फलक: 'लष्करी शंटिंग इंजिन क्र. ४', आणि खाली चार ओळी. त्या ओळी माझ्याच लेखातल्या होत्या. एरवी मी फोटो काढून घेतला असता.

बालाजीनं जाळीचं कुलूप काढलं. बोगनवेल मुळाच्या गोळ्यासकट बाहेर काढून ओल्या पोत्यात ठेवली आणि आम्ही आळीपाळीनं माती उपसायला लागलो. निवृत्त मास्तर आणि नवीन सदऱ्यातला रखवालदार. माझी पाठ दहा मिनिटांत बोलायला लागली. बालाजीनं फावडं हातातून घेतलं. "तुमी बसा सर, तुमचं लिवायचं काम."

अर्धी माती निघाल्यावर चाचांना वर चढवलं. पायरीवर पाय ठेवला मात्र, आमची मदत त्यांना लागली नाही. हात आपोआप दांडीवर गेला, मान आपोआप झुकली. पेटीत वाकून ते आतल्या पत्र्यावर बोटं फिरवू लागले. ठिगळाची कड लागली. बोटं एकेका रिव्हेटवर थांबत पुढं सरकली. एक, दोन, तीन. वरची ओळ संपली.

"वरच्या वळीत हुता वाटायचं मला. हे तर समदे सरळ हायत," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा बघवेना. मी उगाच म्हणालो, "चाचा, चारच्या पेटीलाही ठिगळ असेल कदाचित."

"हुतं," ते म्हणाले. "सगळ्यांनाच असायचं."

बालाजी मात्र थांबला नव्हता. "वर किती मोजले, चाचा?"

"पाच."

"मग सहा मातीत हायत अजून." तो थेट पेटीत उतरला आणि हातांनी माती ओढायला लागला. तळाशी खत आणि पाणी मुरून चिखल झाला होता. सदरा गेला कामातून. कोपरापर्यंत चिखल काढून त्यानं आंबिलीचा तांब्या रिकामा केला, नळावरून भरून आणला, पत्र्यावर ओतला आणि चाचांचा हात धरून खाली नेला. "बघा आता."

सहा, सात, आठ. नवव्यावर बोट पोचलं आणि तिथं काही नव्हतं. बोट खाली घसरलं, पेराएवढं, आणि थांबलं.

चाचा बराच वेळ तसेच वाकून राहिले. त्यांच्या पाठीवरून कळत होतं की ते रडतायत. मग माझा हात मागितला. माझं बोट त्यांनी तिथं नेऊन टेकवलं. मी तीस वर्षं पोरांना रिव्हेट मारायला शिकवले. असा वाकडा मारणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभा केला असता.

"किसनराव," चाचा म्हणाले, अगदी हळू, "खोटं न्हाई बोललो मी."

सरळ होऊन ते केबिनच्या डाव्या अंगाला उभे राहिले; उजवी जागा ड्रायव्हरची, ती त्यांनी सोडली. "पाना हाय का?" पाना नव्हता. बालाजीनं कुलूप दिलं. त्या कुलपानं चाचांनी पत्र्यावर ठोकलं, दोनदा. लिंबावरचे पारवे उडाले. बालाजीला त्या ठोक्यांचा अर्थ माहीत होता, जेवताना ऐकला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

फलकाचा विषय मी काढला. म्हटलं, चूक माझी आहे, चारचं सात करायला मीच संस्थेला कळवतो.

"नक्को," चाचा म्हणाले. "चार म्हणून वाचली ती. कागदावर चारच ऱ्हाऊ द्या. आमाला ठावं हाय तेवढं बास."

दिवस कलला होता. बालाजीनं माती परत भरली, पण ठिगळाच्या बाजूला पत्र्याचा एक तुकडा उभा लावून हात जाईल एवढी फट ठेवली आणि बोगनवेल दुसऱ्या कोपऱ्यात लावली. त्याचा सण आम्ही खाल्ला, सदरा आम्ही घालवला. काही देऊ केलं तर त्यानं कानाला हात लावला आणि आईनं आमच्यासाठी बांधलेली उंड्यांची पिशवी वर माझ्याच हातात दिली.

परतीच्या बसमध्ये चाचा नांदेडपर्यंत गाढ झोपले. सूनबाई म्हणाल्या, असे ते कितीतरी वर्षांत झोपले नव्हते.

मी आयुष्यभर आकडे तपासत आलो. म्हणून हेही सांगून टाकतो. कागदाची फाइल कोण कधी उघडेल सांगता येत नाही, तेव्हा वर लिहिलेले चार आणि सात हे दोन्ही नंबर मी बदललेले आहेत. माणसांची नावं आणि कॉलेजचं ठिकाणही बदललंय. रिव्हेट मात्र खरा आहे, आणि वाकडाच आहे.